सुंबात राजाचा चाळिसावा

माझ्या चाळिसाव्याच्या दिवशी सकाळी मी रांजणात बसलो होतो.

ग्रहणाचे प्रकरण ज्यांना आठवते त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही. ज्या राजाने सूर्यग्रहणाचा दिवस सहा महिने आधी जाहीर केला, त्यासाठी गावोगावची माणसे डोंगरावर बोलावली, आणि ग्रहण आदल्याच दिवशी येऊन गेले, त्याने मरणाच्या बाबतीत तरी नेमकेपणा दाखवावा ही अपेक्षाच चुकीची होती. ओर्खेवीवर मी अकरा वर्षे राज्य केले. राज्य म्हणजे दोन खोरी. त्यांतले एक बारमाही आमचे. दुसरे उन्हाळ्यापुरते, कारण बर्फाने खिंड बंद झाली की तिथली माणसे आपापली मालक होतात. या अकरा वर्षांत माझ्या हातून घडलेली सर्वांत लोकप्रिय गोष्ट म्हणजे माझे मरण.

ते असे घडले. मंगोलांनी इराणातल्या एका किल्ल्याला वेढा घातला आणि आमच्यासारख्या मांडलिकांना सैन्यासह बोलावले. गेलातीच्या मठात चार वर्षे वैद्यक शिकलेला असल्यामुळे मी माझ्या माणसांना बजावले की पाणी फक्त वरच्या झऱ्याचे प्यायचे. नंतर मला तहान लागली, वरचा झरा चढावर होता, आणि मी खालच्या झऱ्याचे पाणी प्यालो. तीन दिवस एका घळीत बेशुद्ध पडून राहिलो. दरम्यान किल्ल्यातून छापा आला, माझा घोडा रक्ताने माखलेला सापडला, जवळच चेहरा ओळखू न येणारे एक प्रेत सापडले, आणि छावणीने ठरवले की राजा लढता लढता पडला. मी शुद्धीवर आलो तेव्हा माझे प्रेत सन्मानाने घराकडे निघाले होते. छावणीत परत जावे की प्रेताच्या मागोमाग घरी जावे, एवढाच प्रश्न होता. मी प्रेताच्या मागून गेलो. या वागण्याची भित्रेपणाखेरीज दुसरी कारणे मी नंतर पुष्कळ शोधली. तपासणीत एकही टिकले नाही.

माझ्या कबरीत जो कोणी आहे तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. दफनाच्या वेळी हे सर्वांच्या लक्षात आले होते. मेल्यावर माणूस ताणला जातो, असा आईने निर्णय दिला आणि विषय संपवला.

आजारपणामुळे रखडत मी घरी पोचलो तो दफनानंतरचा एकोणतिसावा दिवस होता. तेव्हापासून चाळिसाव्या दिवशीच्या श्राद्धाच्या जेवणापर्यंत मुक्काम रांजणघरात. आमच्याकडे मद्याचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात, आणि त्यांतला रिकामा रांजण धुवायला माणूस आत उतरतो. म्हणजे आत माणूस सापडला तरी दचकण्याचे कारण नाही. मला बाहेर काढता येत नव्हते, कारण आमच्यावरच्या मंगोल सेनापतीचे दोन नियम होते. रणात पडलेल्या मांडलिकाच्या घरून ओलीस मागायचा नाही. पळून आलेल्याचे डोके घ्यायचे, आणि त्याचे थोरले मूल छावणीत न्यायचे. माझे थोरले मूल, आणि एकुलते, म्हणजे लतावरी. वय वर्षे तेरा.

माझी आई बोरेना आणि माझी बायको ग्वांत्सा यांचे सतरा वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झाले नव्हते. भाकरी किती जाड असावी, यावरून दोन चुली झाल्या होत्या. मी परतलो त्या दुपारी, जेवणाची ताटे वाढून व्हायच्या आत, दोघींचे एकमत झाले: मी मेलेलाच बरा. घरात शांतता नांदावी म्हणून अकरा वर्षे मी जे जे केले त्यापेक्षा हे किती सोपे होते!

विरोधात एकटा लिपारित होता, माझा धाकटा भाऊ. ज्याला गादी मिळणार होती तो.

"दादा, वर ये," रांजणाच्या तोंडाशी वाकून तो म्हणाला. खालून मला त्याची हनुवटी आणि नाकपुड्या तेवढ्या दिसत होत्या. "मला नाही जमणार हे. सगळ्यांसमोर उभं राहून तुझ्या नावानं भाकरीवर दारू शिंपडायची, आणि तू इथं खाली बसून ती ऐकायची?"

"दारू ऐकता येत नाही," मी म्हणालो.

"बघा! जिवंत आहे तोवर शब्दात पकडणार हा."

"लिपारित, हळू," आईची हनुवटी आली. "अंगणात त्या मंगोलांच्या कारकुनाचे घोडे बांधलेत. त्यानं आज जेवायचं, आपण रडायचं, मग त्यानं तुझ्या फर्मानावर शिक्का मारायचा आणि चालतं व्हायचं. एवढं साधं आहे. तू फक्त तोंड सांभाळ."

"तोंडाचं काय झालं माझ्या?"

"काही नाही. लहानपणापासून उघडंच आहे, एवढंच."

"मी जाते ना छावणीत," लतावरी म्हणाली. तिची हनुवटी दिसत नव्हती. ती शेजारच्या रांजणाच्या झाकणावर बसली होती, असे तिच्या आवाजाच्या दिशेवरून मी ठरवले. "तिथं उंट आहेत. आणि बाबांना वर येता येईल."

"उंट आहेत!" ग्वांत्सा म्हणाली. "पलीकडच्या खोऱ्यातली तमता गेली होती ओलीस, नऊ वर्षांची. तिलाही उंटच बघायचे होते. परत आली का?"

त्या क्षणी माझ्याकडे वैद्यक, ज्योतिष आणि भूमिती या तिन्ही शास्त्रांतले सांगण्यासारखे काहीच नव्हते.

एवढ्यात अर्सेनमामा धापा टाकत आले. हे आईचे धाकटे भाऊ आणि ओर्खेवीचे बिशप. राज्य लहान असल्यामुळे नातेवाइकांनाच बऱ्याच गोष्टी व्हाव्या लागतात.

"अक्का, घोळ झाला. त्या कारकुनाची, सेविंचची माणसं जेवणासाठी दारू निवडतायत. प्रत्येक रांजण उघडून चव घेतायत. अंगणापलीकडच्या रांजणघरापासून सुरुवात केलीय."

"हा रिकामा आहे, म्हणावं."

"म्हटलं. तर म्हणे रिकामाही बघू. चांगली दारू लोक रिकाम्यात लपवतात."

"मग मी जाऊ कुठं?" मी विचारले.

"कबरीत जागा नाही," ग्वांत्सा म्हणाली. "तिथं पाहुणा आहे."

मामांनी काखेतली एक काळी कफनी, टोपीसकट, आत टाकली. ती माझ्या डोक्यावर पडली. "मठातून आठ जण गायला आलेत. नववा कोण मोजतोय? साधूच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, बाबा. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

माझ्या प्रकृतीचा विचार करता योजना वाईट नव्हती. खालच्या झऱ्याने माझे एक तृतीयांश वजन नेले होते, दाढी छातीपर्यंत आली होती. तरी मी शास्त्रोक्त पद्धतीने आक्षेप विचारले: कुणी मला बोलायला लावले तर? कुणी टोपी काढायला सांगितली तर? प्रत्येक आक्षेपाला आईकडे उत्तर होते, आणि ते प्रत्येक वेळी तेच होते: "तू गप्प बसायचं." मीही समाधानी झालो. सर्व शक्यता तपासल्या गेल्या, असे मला खरोखर वाटले. ग्रहणाच्या वेळीही वाटले होते.

दालनातली पुढची हकिकत सांगताना एक कबुली आधी देतो. मी तिथे होतो, पण मान खाली घालून मधात शिजवलेल्या गव्हाची परात फिरवत होतो. मला मुख्यतः लोकांचे जोडे दिसले. इतरांच्या मनात काय चालले होते ते मी नंतर त्यांच्याकडूनच गोळा केले आहे. लिपारित प्यालेला असताना खरे सांगतो, ग्वांत्सा चिडलेली असताना. आई कधीच सांगत नाही, तिच्याबाबतीत अनुमान करावे लागते.

लिपारितचे म्हणणे असे. यजमान म्हणून लांब मेजाच्या टोकाला तो बसला होता. उजव्या हाताला सेविंच. हा मंगोलांचा उइगुर कारकून, वय साठीचे, बारीक डोळ्यांचा, शांत. बावीस वर्षे आमच्या देशात राहिलेला, इथलीच बायको केलेला. त्याच्या पट्ट्याला फर्मानाची नळी लटकत होती. समोर उकडलेले गोमांस, आक्रोडाच्या वाटणातले मासे, चीज, डाळिंबे आणि भट्टीतल्या लांबट भाकऱ्यांची चळत. लिपारितला एकाही पदार्थाची चव लागली नाही, आणि ज्यांनी लिपारितला जेवताना पाहिले आहे त्यांना यावरून त्याच्या अवस्थेची कल्पना येईल. त्याला गादी नको होती असे नाही. लहानपणी माझी लाकडी तलवार त्याला जशी हवी होती तशी हवी होती. म्हणजे मी दिली तर. मेलेल्या भावाकडून घ्यायला तो तयार होता. जिवंत भाऊ गव्हाची परात घेऊन मागे उभा असताना घ्यायची, हे त्याच्या ताकदीबाहेरचे होते.

ग्वांत्सा बायकांच्या बाजूला पहिल्या जागी बसली होती, काळ्या ओढणीत. दफनाच्या दिवशी ती खरी रडली होती, आणि मी परत आल्यापासून तिला त्याचाच सर्वांत जास्त राग होता. "एवढं रडले मी," ती मला नंतर म्हणाली, "सगळं वाया. आणि आता पुन्हा रडा. कुठून आणायचं?" तिने शेवटी कांदा चिरणाऱ्या बाईच्या शेजारी जाऊन उभे राहण्याचा मार्ग काढला. ती लिपारितकडे बघत नव्हती, माझ्याकडे तर नाहीच. तिचे लक्ष लतावरीवर होते. या घरात गुपित फुटले तर ते त्या पोरीकडून फुटेल, अशी तिची खात्री होती.

आईची नजर सेविंचवर होती. तिने त्याच्या पानात सतत वाढत राहण्याचा सपाटा लावला होता.

"घ्या हो. माझ्या सुंबातला फार आवडायचा हा मासा."

"बाई, पुरे."

"पुरे कसं? तो असता तर दोन खाल्ले असते." हे खोटे होते. मला मासा आवडत नाही, आणि तिला ते माहीत आहे. पण मृत मुलगा जिवंत मुलापेक्षा सर्व बाबतीत बरा असतो, हे मी त्या अकरा दिवसांत पुरते शिकलो होतो.

साधूंचे गाणे संपले. पहिला पेला देवाच्या नावाने झाला. दुसरा माझा.

इथे जो कोणी आमच्याकडे जेवला आहे त्याला सांगायला नको, तरी पुढच्या घटनेचे गांभीर्य कळावे म्हणून सांगतो. जिवंत माणसाच्या नावाने पेला उचलला की आम्ही म्हणतो, "विजय असो." मेलेल्याच्या नावाने उचलला की भाकरीवर थोडे मद्य सांडतो आणि म्हणतो, "क्षमा असो." आमच्याकडे दारुडाही यात चुकत नाही. माणूस बायकोचे नाव विसरेल, चर्चची वाट विसरेल, पण जिवंताला क्षमा आणि मेलेल्याला विजय म्हणणार नाही. मी स्वतः मठात असताना शिक्षकांशी वाद घातला होता की शब्दांनी जगात काहीच बदलत नाही. "क्षमा असो" म्हटल्याने कुणी मरत नाही, "विजय असो" म्हटल्याने कुणी उठून बसत नाही. प्रयोगाची सूचनाही मी केली होती. त्यांनी मला आठवडाभर भांडी घासायला लावली.

लिपारित उभा राहिला. दालनात ऐंशी माणसे उभी राहिली. तो चांगले बोलला, हे मान्य केले पाहिजे. माझ्याविषयी त्याने इतके गुण सांगितले की गव्हाच्या परातीमागे मला ऐकताना आपण त्या माणसाला भेटायला हवे होते असे वाटले. मी शूर होतो. मी तारे जाणत होतो. (इथे मागच्या बाकावर कुणीतरी खोकले.) मी माणसांसाठी चांगले पाणी शोधले आणि त्यांच्यासाठी पडलो. त्याने डाव्या हाताने भाकरी घेतली, तीवर मद्याची धार धरली, सगळे बरोबर केले. आणि मग मद्याचे शिंग उंच धरून अकरा वर्षे प्रत्येक जेवणात ज्या सुरात म्हणत आला होता त्याच सुरात तो गरजला:

"आमच्या सुंबातचा विजय असो!"

आणि अकरा वर्षे ज्यांनी त्याच्यामागून म्हटले होते त्या ऐंशी जणांनी, सवयीने, छाती भरून म्हटले:

"विजय असो!"



लिपारित सांगतो की शब्द तोंडातून गेल्यावर ते परत ओढता येतील असे त्याला क्षणभर खरोखरच वाटले, आणि त्याने तोंड तसेच उघडे ठेवले. ग्वांत्सा सांगते की तिने लतावरीचा हात असा धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. मला एवढेच दिसले की सेविंचचे जोडे हलले. तो माझ्या दिशेने वळला नव्हता. तो लिपारितकडे वळला होता.

"राजपुत्र," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "माझे सासरे वारले तेव्हा नवखा होतो. त्यांच्या नावानं पेला उचलला आणि चुकून 'विजय असो' म्हणून बसलो. सासूबाई तीन महिने बोलल्या नाहीत माझ्याशी. मग बोलल्या तेव्हा एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, परका चुकतो. आपला माणूस यात चुकत नाही." त्याने पेला खाली ठेवला. "तुमचा भाऊ कुठं आहे?"

लिपारितने तोंड मिटले, पुन्हा उघडले.

"सवय हो, सवय," अर्सेनमामा म्हणाले. "पोराची सवय. अकरा वर्षं..."

"चाळीस दिवसांत मोडत नाही का सवय? दफनानंतर तिसऱ्या, नवव्या दिवशीही पेला उचलला असेल की. तेव्हा चुकले नाहीत ते." सेविंचने दालनाभर नजर फिरवली. "मला घाई नाही. रांजण सगळे बघून झाले. आता माणसं बघतो."

त्या क्षणी मला काय सुचले, हे धैर्य म्हणून सांगण्याचा मोह मी टाळतो. हिशेब सरळ होता. तो एकेकाच्या समोर येणार होता; नववा साधू नवव्या क्रमांकाला आला असता. तोवर लतावरीचे काय होईल, याचा अंदाज आईच्या चेहऱ्यावरून येत होता. मी परात खाली ठेवली.

"चूक माझ्यामुळे झाली," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण अकरा दिवस रांजणात बसल्याने पुरेसा बसलेला. "मी समोरून गेलो आणि राजपुत्रांचं लक्ष गेलं. गावात सगळे म्हणतात, मी त्यांच्यासारखा दिसतो."

सेविंच चालत माझ्यासमोर आला. "टोपी काढ."

काढली.

त्याने बराच वेळ पाहिले. मला तो यापूर्वी एकदाच भेटला होता: त्या डोंगरावर, ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात. तेव्हाही त्याने असेच पाहिले होते.

"दिसतोस," तो म्हणाला. "थोडा बारीक आहेस. राजाबद्दल तुला काय वाटतं?"

"चांगला माणूस असावा," मी म्हणालो. "पाण्याच्या बाबतीत निष्काळजी." मग मेजावरचा कुणाचा तरी पेला उचलला, भाकरीवर धार धरली, आणि शब्दांनी जगात काही बदलत नाही या मताचा मी, ऐंशी माणसांसमोर म्हणालो, "सुंबातला देवाची क्षमा असो."

साथ देणे म्हणजे मला पुरणे, आणि न देणे म्हणजे मला पकडून देणे. माझी प्रजा निर्णय घेण्यात नेहमीच अशी संथ होती. राजावर गेली होती.

"क्षमा असो," ग्वांत्सा म्हणाली. एकटीच. कांद्याशिवाय. नंतर सगळे म्हणाले.

सेविंच अजून माझ्याकडेच पाहत होता. "साधूबाबा, शिक्क्याखाली मला साक्षीदारांची नावं लिहायची असतात. तुमचं नाव?"

सकाळी रांजणाभोवती पाच माणसांनी कसून चर्चा केली होती. टोपी, दाढी, चाल, खोकला, परात कोणत्या हातात धरायची: सगळे ठरले होते. नाव कुणीच ठरवले नव्हते. मी सुद्धा. मी मामांकडे पाहिले. मामांनी छताकडे पाहिले.

"नाव नाही त्याला," आई म्हणाली.

ती उठून पुढे आली होती. हातात मासा वाढायचा डाव तसाच. तिच्या मनात काय होते याचे मला आजही अनुमानच करावे लागते, पण आवाज मासा वाढताना होता तोच होता. "दीक्षा व्हायचीय त्याची. माझा नवस आहे. सुंबातच्या चाळिसाव्याला एक माणूस देवाला द्यायचा. जेवणं झाली की करायची होती."

"आज?"

"आजच. आता कशाला थांबा? पानं वाढलेलीच राहतील थोडा वेळ. अर्सेन, ऊठ."

"अक्का!" मामा कुजबुजले. "ती खरी होते. बिशपनं केली की ती खरीच होते. मोडता येत नाही."

"मला कळतं. तू माझा भाऊ होण्याआधी मी देवळात जात होते."

"मी कधी पाहिली नाही दीक्षा," सेविंच म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "बघायला आवडेल."

आता योजना कोणाच्याच हातात उरली नाही. मठवासी झालेल्याला बायको नसते, मूल नसते, नाव जुने नसते. आणि तो खरोखर मेलेल्याइतकाच परत येऊ शकत नाही. नुसत्या नावाने मेलेल्या माणसाचा एक फायदा असा होता की सेविंच गेल्यावर, एखाद्या वर्षाने, मागच्या दाराने, मी माझ्या घरात शिरलो असतो. रांजणातल्या अकरा दिवसांत मी याच आशेवर होतो. ग्वांत्साही होती, हे मला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसले. सतरा वर्षांत मला न दिसलेल्या गोष्टींपैकी ही एक.

"कात्री लागेल," मामा पडल्या आवाजात म्हणाले. "चर्चमधली..."

"मी आणते," ग्वांत्सा म्हणाली.

तिने आणली ती मेंढ्या कातरायची. जवळ तीच होती.

विधी थोडक्यात असा. मी गुडघ्यांवर बसतो. बिशप विचारतो: स्वतःच्या इच्छेने आला आहेस? कुणी बळजबरी केली नाही? मी दोन्हींना बरोबर ती उत्तरे दिली. बायको, मूल, धनी, कुणाचा तुझ्यावर हक्क आहे? मामांना हा प्रश्न गाळता आला असता, पण चाळीस वर्षांच्या सवयीने तो निघून गेला, आणि निघाल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेल्या सर्व असत्यांत हे सर्वांत लहान होते.

मग बिशप कात्री जमिनीवर टाकतो. दीक्षा घेणाऱ्याने ती स्वतः उचलून त्याच्या हातात द्यायची. तीनदा. कुणी ढकलून साधू होऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि मला तो नेहमी समंजस वाटत आला होता.

पहिल्यांदा कात्री फरशीवर वाजली. मी उचलली. सेविंच बघत होता, एवढे कारण पुरेसे होते.

दुसऱ्यांदा मी लिपारितकडे पाहिले. त्याच्या दाढीतून पाणी वाहत होते आणि मद्याने भिजलेली ती भाकरी त्याने मुठीत चुरगाळली होती. मी कात्री उचलली.

तिसऱ्यांदा मामांनी कात्री टाकली, आणि ती घरंगळत बायकांच्या बाकाखाली गेली. मला गुडघ्यांवर रांगत जावे लागले. ओर्खेवीच्या राजाची ती शेवटची मोहीम. कात्रीपाशी पोचलो तेव्हा समोर लतावरीचे पाय होते. उजव्या जोड्याचा बंद सुटलेला. तो बांधायला सांगावा, असे तोंडावर आले. माझा हात पुढे जाईना. मी फार वेळ तसाच राहिलो असणार, कारण मागे सेविंचची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. तिचे ओठ हलले. सगळ्या घरातली ती एकच अशी होती की जिला मी जिवंत हवा होतो आणि त्याची किंमत जी स्वतः द्यायला तयार होती. "बा..." एवढे अक्षर मी ऐकले.

दुसरे ऐकायच्या आत मी कात्री उचलली.

मामांनी केस कापले. मेंढ्यांच्या कात्रीने ते कापले जात नाहीत, ओढले जातात. त्यांनी मला एक नाव दिले, जे मी इथे लिहीत नाही, कारण ते घेतलेला माणूस या कुटुंबाच्या हकिकतीत बसत नाही. आठ साधू गायले. ग्वांत्सा दालनातून निघून गेली, आणि दार तिने नेहमीसारखेच आपटले.

सेविंचने नळीतून फर्मान काढले, मेजावरची डाळिंबाची साले बाजूला सारली आणि कलम शाईत बुडवले. लिपारितच्या नावावर शिक्का मारण्याआधी एक ओळ लिहावी लागते. ती त्याने लिहिली, त्यावर वाळू टाकली, फुंकली, आणि मग माझ्याकडे पाहत आमच्या भाषेत वाचून दाखवली:

"राजा सुंबात आता नाही. मी समक्ष पाहिले."

निरीक्षण म्हणून ते अचूक आहे. मी त्यावर बराच विचार केला. दुरुस्ती सुचत नाही.